डिजिटल परिपथांचे कमांड लाइन सिम्युलेशन

डिजिटल परिपथांचे कमांड लाइन सिम्युलेशन ही डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधील परीक्षणाची एक पद्धत आहे. तीत ० आणि १ या दोन पातळ्यांवर चालणाऱ्या परिपथाचे लिखित वर्णन संगणकाला दिले जाते आणि परिपथ प्रत्यक्ष न जोडता त्याचे वर्तन तपासले जाते. या कामाच्या आज्ञावलीस सिम्युलेटर म्हणतात. कमांड लाइन सिम्युलेटरमध्ये चित्रे ओढून परिपथ काढायचा नसतो. व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल यांसारख्या हार्डवेअर वर्णन भाषेत मजकूर लिहायचा असतो आणि टर्मिनलवर आज्ञा टंकित करून तो चालवायचा असतो. इकॅरस व्हेरिलॉग, जीएचडीएल आणि व्हेरिलेटर हे या प्रकारातील सर्वपरिचित मुक्त स्रोत सिम्युलेटर आहेत.

अभियांत्रिकी पदवी, पदविका आणि इलेक्ट्रॉनिक्स विज्ञान शाखेच्या अभ्यासक्रमांत ही पद्धत शिकवली जाते. चिप बनवणाऱ्या उद्योगातही रचनेच्या तपासणीचा मोठा भाग सिम्युलेशनवर आधारलेला असतो, कारण चिप एकदा तयार झाली की तिच्यातील तर्कदोष दुरुस्त करता येत नाही.

## पार्श्वभूमी

डिजिटल परिपथ अँड, ऑर, नॉट, नँड, नॉर, एक्स-ऑर या तर्कद्वारांपासून आणि फ्लिप-फ्लॉप या स्मृतिघटकांपासून बनतो. प्रयोगशाळेत तो पारंपरिकरीत्या ब्रेडबोर्डवर किंवा ट्रेनर किटवर जोडला जातो. त्यासाठी ७४०० मालिकेतील आयसी वापरतात: अँडसाठी ७४०८, ऑरसाठी ७४३२, नॉटसाठी ७४०४. या तिन्ही आयसींना १४ पाय असतात. चौदाव्या पायाला ५ व्होल्ट आणि सातव्या पायाला भूमी जोडली जाते. निर्गत पाहण्यासाठी एलईडी लावतात.

या जोडणीतून विद्यार्थ्याला खऱ्या परिपथाची सवय होते, पण परिपथ मोठा झाला की ती अपुरी पडते. चार बिटांच्या बेरजयंत्राला तारांची गर्दी होते आणि आठ बिटांचा छोटा प्रक्रियक जोडणे जवळजवळ अशक्य होते. एलईडी पेटला नाही तर दोष तर्कात आहे, सैल तारेत आहे की जळालेल्या आयसीत आहे, हे चटकन कळत नाही. शिवाय फ्लिप-फ्लॉपच्या अवस्था क्लॉकच्या एकेका ठोक्याला इतक्या वेगाने बदलतात की डोळ्यांना त्या दिसत नाहीत. सिम्युलेटरमध्ये तारा सैल होत नाहीत व आयसी जळत नाहीत, त्यामुळे उरलेला दोष रचनेतलाच असतो. प्रत्येक संकेताचा प्रत्येक क्षणाचा इतिहासही फाइलमध्ये नोंदवून ठेवता येतो.

## इतिहास

परिपथांचे संगणकीय अनुकरण १९६० च्या दशकापासून होत आले आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत स्पाइस हा सिम्युलेटर तयार झाला. तो व्होल्टता आणि विद्युतप्रवाह यांची समीकरणे सोडवतो. लाखो तर्कद्वारांच्या परिपथासाठी ही पद्धत फार संथ ठरते. त्यामुळे केवळ ० आणि १ यांचा विचार करणारे स्वतंत्र तर्क-सिम्युलेटर विकसित झाले.

व्हेरिलॉग ही भाषा १९८४ च्या सुमारास गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत जन्मली. फिल मूर्बी हे तिचे प्रमुख रचनाकार होते आणि भारतीय वंशाचे अभियंते प्रभू गोयल हे कंपनीचे संस्थापक होते. कॅडन्स या कंपनीने गेटवे विकत घेतल्यानंतर १९९० मध्ये ही भाषा सर्वांसाठी खुली करण्यात आली. १९९५ मध्ये आयईईई या संस्थेने तिला १३६४ या क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली. २००१ आणि २००५ मध्ये या मानकाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पुढे सिस्टिमव्हेरिलॉग या विस्तारित भाषेच्या १८०० क्रमांकाच्या मानकात ते समाविष्ट झाले. अमेरिकेच्या संरक्षण विभागाच्या प्रकल्पातून निघालेल्या व्हीएचडीएल या भाषेचे मानक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आरंभीचे सिम्युलेटर महागड्या परवान्यावर मिळत. १९९८ मध्ये स्टीफन विल्यम्स यांनी इकॅरस व्हेरिलॉगवर काम सुरू केले. जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली असल्याने तो कोणालाही विनामूल्य वापरता, वाटता आणि बदलता येतो. त्रिस्तान जँगोल्ड यांचा जीएचडीएल हा व्हीएचडीएलसाठीचा मुक्त सिम्युलेटर आहे. टोनी बायबेल यांनी तयार केलेली जीटीकेवेव्ह ही आज्ञावली सिम्युलेशनमधून निघालेले तरंगालेख पडद्यावर दाखवते.

## कार्यपद्धती

### चार मूल्ये

व्हेरिलॉगमध्ये प्रत्येक तारेला चारपैकी एक मूल्य असते.

| मूल्य | अर्थ |
|---|---|
| ० | निम्न पातळी, असत्य |
| १ | उच्च पातळी, सत्य |
| क्ष | अज्ञात. ० की १ हे ठरवता येत नाही |
| झेड | उच्च रोध. तार कोणत्याही घटकाशी विद्युतदृष्ट्या जोडलेली नाही |

प्रत्यक्ष परिपथात ‘क्ष’ असे काही नसते. वीज दिल्याबरोबर फ्लिप-फ्लॉप ० किंवा १ यांपैकी कोणत्या तरी अवस्थेत जातो, पण कोणत्या हे आधी सांगता येत नाही. ही अनिश्चितता लपू नये म्हणून सिम्युलेटर ती क्ष या मूल्याने दाखवतो. एकाच तारेला एक घटक ० आणि दुसरा घटक १ देऊ लागला तरीही क्ष दिसतो. अँड द्वाराच्या एका आगतावर ० असेल तर दुसऱ्या आगतावर क्ष असला तरी निर्गत ० च येते, कारण ० मुळे उत्तर निश्चित झालेले असते. एका आगतावर १ असेल तर मात्र क्ष पुढे सरकतो.

### घटनांची रांग

बहुतेक तर्क-सिम्युलेटर घटनाधिष्ठित असतात. ते प्रत्येक क्षणी सगळा परिपथ पुन्हा तपासत नाहीत. एखाद्या संकेताचे मूल्य बदलले की ती एक घटना मानली जाते आणि त्या संकेतावर अवलंबून असलेल्या घटकांचीच नव्याने गणना होते. त्या गणनेतून आणखी बदल झाले तर तेही रांगेत लागतात. एका क्षणाच्या सर्व घटना संपल्या की सिम्युलेटरचे घड्याळ पुढच्या घटनेच्या वेळेवर उडी मारते. मधल्या काळात काहीच बदलत नसेल तर त्या काळासाठी संगणकाला काही काम करावे लागत नाही.

सिम्युलेशनमधील वेळ आणि भिंतीवरील घड्याळाची वेळ यांचा संबंध नसतो. परिपथाचे एक सेकंदाचे वर्तन तपासायला, परिपथ किती मोठा आहे यानुसार, क्षणभर लागेल किंवा काही तासही लागतील.

## वापराचे टप्पे

इकॅरस व्हेरिलॉगमध्ये दोन मुख्य आज्ञा आहेत. पहिली आयव्हेरिलॉग. ती लिखित वर्णनाचे संकलन करते. दुसरी व्हीव्हीपी. ती संकलित फाइल चालवते. दोन्ही आज्ञा टर्मिनलवर रोमन लघुलिपीत टंकित केल्या जातात. काम साधारणपणे पुढील क्रमाने होते.

१. परिपथाचे वर्णन एका मजकूर फाइलमध्ये लिहिले जाते. वर्णनाच्या घटकाला मॉड्यूल म्हणतात. त्यात आगत, निर्गत आणि त्यांमधील संबंध दिलेले असतात.

२. दुसऱ्या फाइलमध्ये टेस्ट बेंच, म्हणजे परीक्षण-मंच, लिहिला जातो. हा मंच परिपथाला ठरावीक वेळी ठरावीक आगत देतो आणि निर्गत तपासतो. त्याला स्वतःला आगत किंवा निर्गत नसतात.

३. आयव्हेरिलॉग या आज्ञेला दोन्ही फाइलींची नावे दिली जातात. ‘ओ’ या पर्यायाने संकलित फाइलचे नाव ठरवता येते. सर्व इशारे दाखवण्याचा पर्याय चालू ठेवल्यास न जोडलेल्या किंवा चुकीच्या रुंदीच्या तारांसारख्या काही चुका संकलनाच्या वेळीच कळू शकतात.

४. व्हीव्हीपी या आज्ञेने संकलित फाइल चालवली जाते. डिस्प्ले किंवा मॉनिटर या आदेशांनी मंचातून छापलेला मजकूर टर्मिनलवर उमटतो.

५. मंचात डंपफाइल आणि डंपव्हार्स हे आदेश असतील तर संकेतांतील सर्व बदल व्हीसीडी स्वरूपाच्या फाइलमध्ये नोंदवले जातात. ही फाइल जीटीकेवेव्हमध्ये उघडली की तरंगालेख दिसतात.

मंचात फिनिश हा आदेश राहून गेला आणि क्लॉक सतत चालू असला तर सिम्युलेशन कधीच संपत नाही. अशा वेळी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून ते थांबवावे लागते.

## उदाहरण: विहिरीवरील पंपाचे नियंत्रण

खानदेशात, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील केळीच्या पट्ट्यात, विहीर किंवा कूपनलिकेवरील विद्युत पंप हा शेतीचा आधार आहे. कृषी वाहिनीवरील थ्री फेज वीज काही तासच आणि पुष्कळदा रात्री मिळते, म्हणून वीज येताच पंप आपोआप सुरू करणारी साधने शेतकरी वापरतात. तीनपैकी एक फेज गेला असता मोटर चालू राहिली तर तिचे वेटोळे जळू शकते. विहिरीतील पाणी संपल्यावर पंप कोरडा चालला तरीही तो बिघडतो. असा नियंत्रक छोटा असला तरी त्याच्या तर्कातील चुकीची किंमत मोठी असते. त्यामुळे सिम्युलेशनचा उपयोग समजण्यास तो सोयीचा आहे.

नियंत्रकाला तीन आगत आहेत असे मानू. ‘फेज’ हा संकेत तिन्ही फेज उपलब्ध असताना १ असतो. विहिरीत दोन विद्युतअग्रे आहेत, एक खाली आणि एक वर. पाण्याचा स्पर्श झाला की संबंधित संकेत १ होतो. पाणी वरच्या अग्राला लागले की पंप सुरू व्हावा, खालच्या अग्राखाली गेले की बंद व्हावा आणि पाणी दोन्हींच्या मध्ये असताना आधीची स्थिती टिकावी, अशी अपेक्षा आहे. एकच अग्र ठेवले तर पाण्याच्या लहरींमुळे पंप वारंवार चालू-बंद होईल. दोन अग्रांमुळे तो दोष टळतो, परंतु परिपथाला स्मृतीची, म्हणजे फ्लिप-फ्लॉपची, गरज लागते.

| खालचे अग्र | वरचे अग्र | अर्थ | अपेक्षित निर्णय |
|---|---|---|---|
| ० | ० | पाणी संपले | बंद |
| १ | ० | पाणी मध्ये | आधीची स्थिती |
| १ | १ | पाणी पुरेसे | चालू |
| ० | १ | अशक्य. खालची तार तुटली असावी | बंद |

शेवटची ओळ रचनाकाराच्या मनात सहसा येत नाही, कारण पाणी वर असून खाली नाही असे होत नाही. तार तुटल्यावर मात्र परिपथाला हेच आगत मिळते. वर्णनात ‘वरचे अग्र १ असेल तर पंप चालू, नाहीतर खालचे ० असेल तर बंद’ अशा क्रमाने अटी लिहिल्या तर या ओळीत पंप चालू होतो. तुटलेल्या तारेमुळे खालची पातळी यापुढे कळणार नसूनही पंप चालू राहतो. खालच्या अग्राची अट आधी लिहिली तर तो बंद होतो. दोन्ही वर्णने वाचताना सारखीच वाटतात. परीक्षण-मंचाने तीन आगतांची आठही संयोजने, पंप आधी बंद असताना आणि चालू असताना, अशा एकूण १६ प्रसंगांत तपासली तर फरक लगेच दिसतो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. सिम्युलेशनच्या सुरुवातीला पाणी मध्ये असेल तर ‘आधीची स्थिती’ म्हणजे काय? परिपथाला आधी काही नव्हतेच. तरंगालेखात पंपाचा संकेत लाल क्ष दाखवतो आणि क्लॉकचे कितीही ठोके पडले तरी तो क्षच राहतो. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की नियंत्रकाला वीज मिळताच पंप कधी सुरू होईल आणि कधी होणार नाही, याचा नेम नाही. उपाय म्हणून वीज येताक्षणी फ्लिप-फ्लॉप ० करणारा रिसेट संकेत द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट चूक नसून निवड आहे. फेज गेल्यावर फ्लिप-फ्लॉपच ० केला, तर क्षणभर फेज गेला तरी पंप पाणी वरच्या अग्रापर्यंत चढेपर्यंत बंद राहील, आणि तोवर रात्रीची पाळी संपून जाईल. त्याऐवजी फ्लिप-फ्लॉपमध्ये केवळ पाण्याची स्थिती साठवली आणि तिचे निर्गत ‘फेज’ या संकेताशी अँड केले, तर फेज परतताच पंप पुन्हा चालू होतो. अर्थात त्यासाठी नियंत्रकाला स्वतःची बॅटरी हवी. सिम्युलेटर दोन्ही रचनांचे वर्तन अचूक दाखवतो. यांतली कोणती योग्य हे मात्र शेताची गरज जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते.

## नेहमीच्या चुका

दोन प्रकारच्या नियुक्तींची गल्लत. व्हेरिलॉगमध्ये मूल्य देण्याच्या दोन रीती आहेत. एकीत मूल्य तत्काळ बदलते, दुसरीत त्या क्षणाची सर्व गणना संपल्यावर बदलते. क्लॉकवर चालणाऱ्या फ्लिप-फ्लॉपसाठी दुसरी रीत वापरावी लागते. पहिली वापरल्यास दोन फ्लिप-फ्लॉपमधून ओळीने सरकायला हवा तो बिट एकाच ठोक्यात दोन्ही पार करतो, किंवा निकाल ओळींच्या क्रमावर अवलंबून राहतो.

अपूर्ण अटी. स्मृती नसलेल्या परिपथात ‘जर’ लिहून ‘नाहीतर’ सोडून दिले तर उरलेल्या प्रसंगी जुने मूल्य टिकते. परिणामी नको असलेला लॅच तयार होतो.

अज्ञाताची चुकीची तुलना. परीक्षण-मंचात अपेक्षित आणि मिळालेले निर्गत सामान्य ‘असमान’ चिन्हाने ताडून पाहिले आणि मिळालेले निर्गत क्ष असले, तर तुलनेचे उत्तरही क्ष येते. ‘जर’ हा आदेश क्ष ला असत्य मानतो. त्यामुळे चूक असूनही चुकीचा संदेश छापला जात नाही आणि चाचणी उत्तीर्ण झाल्यासारखी दिसते. तीन चिन्हांचा काटेकोर असमान वापरल्यास क्ष पकडला जातो.

वेळेचे भ्रम. ‘पाच एकक थांबा’ असा विलंब वर्णनात लिहिता येतो, पण तो केवळ सिम्युलेशनसाठी असतो. परिपथ प्रत्यक्ष घडवणारी संश्लेषण आज्ञावली तो दुर्लक्षित करते.

## कमांड लाइनचे फायदे

चित्रमय साधनात प्रत्येक चाचणीसाठी माउसने तीच ती कृती करावी लागते. कमांड लाइनवर सर्व आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात आणि एका आज्ञेत शंभर चाचण्या चालवता येतात. मेक या आज्ञावलीमुळे बदललेल्या फाइलींचेच पुन्हा संकलन होते. वर्णन हे साधा मजकूर असल्याने गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली हे पाहता येते. प्रयोगशाळेतील साठ विद्यार्थ्यांच्या रचना एकाच परीक्षण-मंचातून तपासणे शिक्षकालाही शक्य होते.

दुसरा फायदा साधनसामग्रीचा आहे. व्यावसायिक चिप-रचना साधने संगणकावर अनेक गिगाबाइट जागा व्यापतात, आणि काहींना परवाना-सर्व्हर लागतो. इकॅरस व्हेरिलॉग तुलनेने अतिशय लहान आहे, जुन्या संगणकावर चालतो आणि एकदा स्थापित केल्यावर त्याला आंतरजालाची गरज पडत नाही. लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या तिन्ही प्रणालींवर तो उपलब्ध आहे.

नवशिक्याला चित्र पाहून परिपथ समजणे अधिक सोपे जाते, हा कमांड लाइनवरचा रास्त आक्षेप आहे. यामुळे अनेक शिक्षक आरंभी ट्रेनर किट किंवा चित्रमय साधन वापरतात आणि परिपथ मोठे होऊ लागल्यावर कमांड लाइनकडे वळतात.

## प्रमुख मुक्त सिम्युलेटर

| नाव | भाषा | वैशिष्ट्य |
|---|---|---|
| इकॅरस व्हेरिलॉग | व्हेरिलॉग, सिस्टिमव्हेरिलॉगचा काही भाग | घटनाधिष्ठित. अध्यापनासाठी सोयीचा |
| जीएचडीएल | व्हीएचडीएल | भाषेचे नियम काटेकोरपणे तपासतो |
| व्हेरिलेटर | व्हेरिलॉग, सिस्टिमव्हेरिलॉग | वर्णनाचे सी++ मध्ये रूपांतर. मोठ्या परिपथांसाठी वेगवान |
| एनजीस्पाइस | स्पाइस जाळेसूची | व्होल्टता व प्रवाह यांचे सिम्युलेशन |

परीक्षण-मंच पायथन भाषेत लिहू देणारी कोकोटीबी ही ग्रंथालय-प्रणाली इकॅरस, जीएचडीएल आणि व्हेरिलेटर या तिन्हींसोबत चालते.

## मर्यादा

सिम्युलेशनमुळे दिलेल्या आगतांसाठी परिपथ बरोबर चालतो एवढेच कळते. न दिलेल्या आगतांबद्दल ते काही सांगत नाही. वरील पंपाच्या उदाहरणात १६ प्रसंग होते, म्हणून सर्व तपासता आले. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या यंत्राला दोनाचा चौसष्टावा घात इतकी, म्हणजे सुमारे १.८४ गुणिले १० चा एकोणिसावा घात, संयोजने संभवतात. सेकंदाला दहा लाख संयोजने तपासली तरी सर्व तपासायला ५ लाख ८० हजारांहून अधिक वर्षे लागतील. म्हणून मोठ्या परिपथांसाठी सीमेवरील मूल्ये, यादृच्छिक मूल्ये आणि गणिती सिद्धतेवर आधारलेली औपचारिक पडताळणी यांचा एकत्रित वापर होतो.

या मर्यादेचे प्रसिद्ध उदाहरण १९९४ मधील आहे. इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकातील भागाकार करणाऱ्या विभागाच्या सारणीत पाच नोंदी राहून गेल्या होत्या. त्यामुळे क्वचित काही संख्यांचा भागाकार चुकत असे. उत्पादनापूर्वीच्या चाचण्यांत हा दोष सापडला नाही. थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना मूळ संख्यांवर काम करताना तो आढळला. प्रक्रियक बदलून देण्यासाठी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्यानंतर प्रक्रियकांच्या अंकगणिती विभागांसाठी औपचारिक पडताळणीचा वापर वाढला.

‘जर’ च्या अटीत क्ष आल्यास सिम्युलेटर ‘नाहीतर’ची शाखा निवडतो. त्यामुळे कधीकधी प्रत्यक्षात अनिश्चित असलेली गोष्ट निश्चित दिसते. तारांची लांबी, तापमान, विद्युत गोंगाट यांचा विचारही शुद्ध तर्क-सिम्युलेशनमध्ये नसतो. म्हणून अंतिम तपासणी एफपीजीए फलकावर किंवा प्रत्यक्ष चिपवर करावी लागते.

## महाराष्ट्रातील अध्ययन व वापर

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील फॉसी प्रकल्प शिक्षणसंस्थांमध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींचा प्रसार करतो. या प्रकल्पाने विकसित केलेल्या ईसिम या परिपथ-रचना साधनात कायकॅड आणि एनजीस्पाइस यांच्यासोबत जीएचडीएलही जोडलेला आहे. त्यामुळे डिजिटल आणि अनुरूप असे दोन्ही भाग असलेल्या परिपथाचे सिम्युलेशन एकत्र करता येते. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या टर्मिनलवरील मूलभूत आज्ञांचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. कमांड लाइनची ओळख नसलेल्या विद्यार्थ्याला सिम्युलेटरकडे वळण्यापूर्वी ते उपयोगी पडतात. एनपीटीईएल या राष्ट्रीय उपक्रमात खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील इंद्रनील सेनगुप्ता यांचा व्हेरिलॉगवरील अभ्यासक्रम आहे. त्यात इकॅरस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह वापरून प्रात्यक्षिके दाखवली आहेत.

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथेच माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजित हा प्रक्रियक रचला. तो चंडीगडजवळील मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार करण्यात आला.

खानदेशात जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरी येथील श्रम साधना बॉम्बे ट्रस्टचे अभियांत्रिकी महाविद्यालय, धुळ्याचे बापूसाहेब शिवाजीराव देवरे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शिरपूरची आर. सी. पटेल तंत्रज्ञान संस्था या अभियांत्रिकी शिक्षणाच्या प्रमुख संस्था आहेत. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. परिसरातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये पुढे लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न झाली. पदविका स्तरावर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमात डिजिटल तंत्रे हा विषय शिकवला जातो.

मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या भागांत मुक्त सिम्युलेटरचे महत्त्व अधिक आहे. परवान्याची साधने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपुरती मर्यादित राहतात आणि गावी परतलेल्या विद्यार्थ्याला सराव करता येत नाही. मुक्त सिम्युलेटर पेन ड्राइव्हवरून घरच्या संगणकावर नेता येतो आणि तेथे चालतो.

भाषेचा प्रश्न मात्र उरतो. व्हेरिलॉगचे राखीव शब्द आणि चुकांचे संदेश इंग्रजीत असतात, आणि घटकांची नावेही सहसा रोमन लिपीतच द्यावी लागतात. टिपणी म्हणून लिहिलेला मजकूर सिम्युलेटर वाचत नाही, त्यामुळे परिपथाचे स्पष्टीकरण टिपण्यांमध्ये देवनागरीत लिहिता येते. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. त्यानंतर अशा टिपण्यांसह लिहिलेल्या मराठी प्रात्यक्षिक-पुस्तिकांची गरज अधिक स्पष्ट झाली आहे.

## हेही पहा

* तर्कद्वार
* फ्लिप-फ्लॉप
* बूलियन बीजगणित
* व्हेरिलॉग
* एफपीजीए
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर